द्रष्टा, दृश्य आणि नोंद

एखादा विचार आपल्या जन्मस्थानापासून जितका दूर जातो तितका त्याचा पूर्वेतिहास लोक विसरत जातात. आणि पूर्वेतिहास विसरलेल्या विचाराच्या तोंडी कोणीही काहीही घालू शकतो. पुंजसिद्धांताचे, म्हणजे ज्यास आता सर्रास ‘क्वांटम’ म्हणतात त्या पदार्थविज्ञानाच्या शाखेचे, आपल्याकडे असेच काहीसे झाले आहे. गणेशोत्सवातील व्याख्यान असो, निवृत्त मंडळींची सकाळची फेरी असो, की मुलांच्या भ्रमणध्वनीवर येणारी चित्रफीत असो, एक विधान हमखास कानी पडते : पाहणारा असल्यावाचून जगास अस्तित्व नाही हे आता पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीच सिद्ध केले आहे, आणि आपल्या ऋषींनी तर ते केव्हाच सांगून ठेविले होते.

हे ऐकून छाती क्षणभर फुगते हे नाकारण्यात अर्थ नाही. घरापासून शेकडो कोस दूर, परभाषेच्या गराड्यात दिवस काढणाऱ्या आपणां नोकरदारांस पूर्वजांचा मोठेपणा परक्याच्या तोंडून ऐकण्याची भूक थोडी अधिकच असते. परंतु साक्षीदार खरोखर काय बोलला हे न तपासता त्याची साक्ष आपल्या बाजूने लिहून घेणे न्यायाचे नव्हे. आम्ही जबलपुरातील महाराजपूर ह्या वस्तीत राहणारे केंद्र सरकारचे कारकून, शास्त्रज्ञ नव्हे. पदवीपुरते विज्ञान शिकलो आणि पुढे वाचनाची सवय टिकवून धरली, इतकाच आमचा अधिकार. तथापि जुने कागद लावून कोणत्या तारखेस कोणी काय म्हटले हे पाहण्याची आम्हांस सवय आहे. तीच रीत ह्या प्रकरणास लावून पाहावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

जबलपुरात तर हा प्रश्न विशेष जवळचा आहे. ह्या शहराशी ज्यांचा निकटचा संबंध होता ते महर्षी महेश योगी अलाहाबाद विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकलेले होते. पुढे जगभर पसरलेल्या त्यांच्या संस्थांनी, शुद्ध चैतन्य आणि पदार्थविज्ञान ज्याच्या शोधात आहे ते एकीकृत क्षेत्र ही दोन्ही एकच होत, असे प्रतिपादन चालविले. महर्षी २००८ साली निवर्तले; पण चैतन्य आणि क्वांटम यांची जोडगोळी येथील बोलण्याचालण्यात कायमची मुरली आहे. ध्यानापासून मनास शांती मिळते की नाही, हा आमचा येथील प्रश्न नाही. पुंजसिद्धांतात पाहणाऱ्याचे मन कधी आले, कोणी आणले, आणि ते तेथे टिकले काय, एवढेच आम्ही विचारीत आहोत.

प्रारंभ १९०० सालापासून करावा लागतो. तापलेल्या पदार्थातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा हिशेब जमेना, तेव्हा मॅक्स प्लांक यांनी ऊर्जा सलग नव्हे तर ठरावीक पुंज्यांनी दिली-घेतली जाते असे गृहीत धरले, आणि हिशेब जमला. पंचवीस वर्षांनी, १९२५ मध्ये, वेर्नर हायझेनबर्ग यांनी नव्या गणिताचा पाया घातला. १९२६ मध्ये एर्विन श्रोडिंजर यांनी त्याच गोष्टी तरंगाच्या समीकरणातून मांडल्या. आणि त्याच वर्षी मॅक्स बॉर्न यांनी ह्या तरंगाचा अर्थ सांगितला. हा तरंग पाण्यावरील लाटेसारखा पदार्थाचा नव्हे. कण कोठे सापडण्याचा संभव किती, हे तो सांगतो.

येथवर मनाचा कोठेही संबंध आलेला नाही. अडचण उद्भवते ती प्रयोगात. एका पडद्यास दोन फटी पाडून त्यांवर इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले, तर पलीकडील फलकावर प्रत्येकाचा एकेकच ठिपका उमटतो. पण असे हजारो ठिपके साचले की त्यांतून दाट आणि विरळ पट्टे प्रकट होतात. आणि असे पट्टे दोन्ही फटींतून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्याशिवाय पडत नाहीत. म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनच्या हिशेबातही दोन्ही वाटा धराव्या लागतात. बरे, तो कोणत्या फटीतून गेला हे टिपण्याची सोय केली, तर पट्टेच नाहीसे होतात! दोन्ही वाटा एकत्र नांदण्याच्या ह्या अवस्थेस अध्यारोपण म्हणतात. आणि टिपताक्षणी त्यांतून एकच वाट का उरते, हाच तो प्रसिद्ध कूटप्रश्न.

ह्या ठिकाणी एक घोटाळा नेहमी होतो, तो मराठी वाचकांस आपल्याच इतिहासातील एका दाखल्याने स्पष्ट करता येईल. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि दिवस मावळेपर्यंत सारा खेळ उलटला. नानासाहेब पेशवे त्या वेळी कुमक घेऊन उत्तरेकडे निघालेले, आपल्या ह्याच मध्य प्रदेशातील भेलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशाच्या, परिसरात होते. सावकाराचे सांकेतिक पत्र हाती लागून त्यांस अनर्थ कळला तो सुमारे दहा दिवसांनी. ते दहा दिवस पेशव्यांच्या मनात जय आणि पराजय ह्या दोन्ही शक्यता नांदत होत्या. परंतु त्यामुळे पानिपतावर विश्वासराव अर्धे जिवंत आणि अर्धे मृत होते असे कोणी म्हणेल काय? जे घडावयाचे ते घडून गेले होते. उणीव होती ती केवळ माहितीची. भेलशास पत्र उघडल्याने पानिपताचा निकाल लागला नाही, कळला.

इलेक्ट्रॉनची गोष्ट अशी नाही, आणि पुंजसिद्धांताचे सारे नवल ह्या ‘नाही’मध्ये आहे. तो एका फटीतून निमूटपणे गेला असून आपणांस तेवढे ठाऊक नाही असे मानले, तर पट्ट्यांचा उलगडा होत नाही. आइन्स्टाइन यांस दीर्घकाळ आशा होती की, आज ना उद्या सापडणाऱ्या गुप्त माहितीने हे कोडे पेशव्यांच्या अज्ञानासारखे साधे ठरेल. परंतु १९६४ साली जॉन बेल यांनी ह्या आशेस प्रयोगाची कसोटी लावण्याची युक्ती सांगितली. आणि १९७२ पासून पुढे झालेल्या प्रयोगांनी, ज्यांबद्दल क्लाउझर, आस्पे आणि त्साइलिंगर यांस २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आइन्स्टाइन यांस हवे होते तसे साधे उत्तर निसर्गास मान्य नाही हे दाखविले. तेव्हा ‘निरीक्षणापूर्वी सारे ठरलेलेच असते’ असे म्हणून मोकळे होता येत नाही. मात्र ‘निरीक्षण’ म्हणजे काय, हा प्रश्न तसाच उरतो. त्याचा इतिहास पाहू.

१९२७ हे ह्या इतिहासातील मोठे वर्ष. त्या वर्षी हायझेनबर्ग यांनी अनिश्चिततेचे तत्त्व प्रसिद्ध केले; सप्टेंबरात इटलीतील कोमो येथे नील्स बोर यांनी पूरकतेचा विचार मांडला; आणि ऑक्टोबरात ब्रुसेल्स येथील सॉल्वे परिषदेत बोर आणि आइन्स्टाइन यांचा तो गाजलेला वाद जुंपला. बोर यांच्या बोलण्यात ‘निरीक्षण’ हा शब्द वारंवार येतो. पण तो काळजीपूर्वक वाचला तर दिसते की, त्यांचा भर उपकरणांच्या मांडणीवर आहे. कोणती मांडणी केली आहे हे सांगितल्यावाचून अणूच्या गुणाविषयी बोलणे त्यांस निरर्थक वाटे. आणि सूक्ष्म घटनेचा ठसा उपकरणावर कायमचा, परत न पुसता येण्यासारखा उमटला की त्यांच्या लेखी निरीक्षण पुरे होई. बोर यांस पौर्वात्य प्रतीकांचे आकर्षण होते. १९४७ साली डेन्मार्कच्या राजाकडून मिळालेल्या बहुमानाच्या वेळी आपल्या मानचिन्हावर त्यांनी चिनी यिन-यांग चित्र घेतले. तेवढ्यावरून त्यांस चैतन्यवादी ठरविणे मात्र वाजवी नव्हे. हायझेनबर्ग यांनी तर १९५८ च्या आपल्या ‘पदार्थविज्ञान आणि तत्त्वज्ञान’ ह्या ग्रंथात, निरीक्षकाचे काम केवळ नोंद घेण्याचे आहे आणि तो माणूस आहे की यंत्र ह्याने काही बिघडत नाही, अशा आशयाचा स्पष्ट खुलासा केला आहे.

मग मन आले कोठून? ते आले जॉन फॉन नॉयमान यांच्या १९३२ च्या ग्रंथाच्या वाटेने. त्यांचा युक्तिवाद कचेरीतील माणसांस लवकर उमगेल. इलेक्ट्रॉनचा निर्णय मोजयंत्राने केला म्हणावे, तर मोजयंत्रही अणूंचेच बनलेले. त्यासही तेच समीकरण लागू. म्हणजे तेही दोन अवस्थांत अडकते. यंत्राकडे पाहणारा डोळा, डोळ्यामागील मज्जातंतू, त्यामागील मेंदू, सारे पदार्थच. एखादी टिप्पणी कारकुनाकडून अधीक्षकाकडे, अधीक्षकाकडून अधिकाऱ्याकडे, त्याच्याकडून वरिष्ठाकडे जात राहावी आणि प्रत्येकाने ‘पुढे सादर’ इतकेच लिहावे, तशी ही साखळी. अखेरची सही कोठे होते? फॉन नॉयमान यांनी दाखविले ते इतकेच की, सहीची रेषा साखळीत कोठेही ओढली तरी हिशेबात फरक पडत नाही. हवी तर ती मेंदूच्याही पलीकडे, जाणणाऱ्या ‘मी’पाशी ओढता येते. येते असे ते म्हणाले. तेथेच ओढली पाहिजे असे त्यांच्या गणितातून निघत नाही. पुढचा बहुतेक गोंधळ ‘येते’च्या जागी ‘पाहिजे’ वाचल्याने झाला आहे.

१९३५ साली श्रोडिंजर यांनी आपले सुप्रसिद्ध मांजर ह्याच वादात आणले. पेटीत कोंडलेल्या मांजराचे जिणे-मरणे एका अणूच्या विघटनावर टांगले, तर झाकण उघडेपर्यंत ते जिवंत आणि मृत दोन्ही मानावयाचे काय? आज हे मांजर ‘पाहिल्याने सत्य घडते’ ह्याचा पुरावा म्हणून मिरविले जाते. श्रोडिंजर यांनी मात्र ते प्रचलित अर्थ कसा हास्यास्पद ठरतो हे दाखविण्यासाठी कल्पिले होते. पूर्वपक्षाचे वाक्य सिद्धांत म्हणून उद्धृत करणाऱ्यांची परंपरा आपल्या शास्त्रचर्चेतही आहे. त्यातलाच हा प्रकार.

मनास खरे पद दिले ते दोन प्रसंगी. १९३९ मध्ये फ्रिट्झ लंडन आणि एडमंड बाउअर यांनी फ्रेंच भाषेतील एका पुस्तिकेत, निरीक्षकाची आत्मजाणीव हीच अनेक शक्यतांची साखळी तोडते असे सुचविले. आणि १९६१ मध्ये यूजीन विग्नर यांनी ‘विग्नरचा मित्र’ म्हणून प्रसिद्ध झालेला दृष्टान्त मांडला. बंद खोलीत मित्र प्रयोग करतो. त्याने प्रकाशाची चमक पाहिली की नाही हे बाहेर उभ्या असलेल्या विग्नर यांस ठाऊक नाही. समीकरण सांगते की, विचारीपर्यंत मित्रही दोन्ही अवस्थांत लोंबकळत असला पाहिजे. पण मित्र तर जाणता मनुष्य! बाहेरून विचारण्याआधी आपण काय पाहिले हे त्यास स्वच्छ ठाऊक असणारच. त्या अर्थी जाणीव असलेल्या प्राण्यापाशी समीकरण थांबले पाहिजे, असा विग्नर यांचा निष्कर्ष. हे गृहस्थ सामान्य नव्हते. दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ असे जे म्हणतात त्यांचा सर्वांत वजनदार साक्षीदार हाच.

परंतु ह्या साक्षीदाराची उलटतपासणी कोणी वाचत नाही. १९७० साली जर्मनीतील डीटर झेह यांनी दाखवून दिले की, यंत्र किंवा मांजर यांसारख्या मोठ्या वस्तू कधीच एकाकी नसतात; हवेचे रेणू, प्रकाशाचे कण त्यांवर सतत आदळतात आणि त्यांची बातमी दशदिशांस घेऊन जातात. त्यामुळे दोन शक्यतांमधील तो नाजूक मेळ, ज्यावर पट्टे अवलंबून असतात, क्षणाच्याही अत्यल्प अंशात नाहीसा होतो. ह्यास सुसंगतिलोप म्हणावे. हा विचार पटल्यावर विग्नर यांनी पुढील काळात आपले १९६१ चे मत सोडून दिले. मनास पुंजसिद्धांताच्या गादीवर बसविणाऱ्यानेच त्यास खाली उतरविले, ही गोष्ट व्याख्यानांत कधी सांगितली जात नाही.

आता प्रयोगांची साक्ष. चुलीवरील दुधाकडे टक लावून उभे राहिले की ते तापता तापत नाही, हा घरोघरचा अनुभव. अणूंच्या बाबतीत ही निव्वळ भ्रांती नव्हे, असे १९७७ साली वैद्यनाथ मिश्र आणि ई. सी. जॉर्ज सुदर्शन ह्या दोघा भारतीयांनी गणिताने दाखविले. ह्यांपैकी सुदर्शन तरुणपणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले. अणूचे निरीक्षण पुनःपुन्हा केले तर त्याचे अवस्थांतर रोखले जाते, असा त्यांचा सिद्धांत. १९९० मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे सुमारे ५००० बेरिलियम आयनांवर हा प्रयोग झाला आणि परिणाम दिसला. ‘पाहिल्याने’ अणू थबकले खरे. पण पाहणे म्हणजे काय होते? लेसर किरणांचे लागोपाठ ठोके. मधल्या प्रत्येक ठोक्याचे फलित कोणी डोळ्यांनी वाचीत बसले नव्हते. अणूंस थोपविले ते प्रकाशाने, कोणाच्या ध्यानाने नव्हे.

दुसरा प्रयोग २००४ सालचा, व्हिएन्ना येथील. सत्तर कार्बन अणूंच्या मोठ्या रेणूंचेही पट्टे पडतात हे तेथे दाखविले गेले होते. मग हे रेणू अधिकाधिक तापवून सोडले. तापलेला रेणू वाटेत प्रकाश बाहेर टाकतो, आणि त्या प्रकाशात तो कोठून गेला ह्याची खूण असते. तापमान वाढले तसतसे पट्टे पुसट होत गेले आणि अखेर मावळले. तो प्रकाश कोणी गोळा केला नाही, कोणी वाचला नाही. केवळ खूण बाहेर पडली एवढ्याने निकाल लागला.

तिसरा आपल्या पुण्याचा. तेथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत टी. एस. महेश आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या अणुकेंद्रांवर लेगेट-गर्ग नावाची कसोटी लावली. वस्तू कोणत्याही क्षणी एका निश्चित अवस्थेत असते आणि तिला धक्का न लावता पाहता येते, हे आपले रोजचे गृहीत अणुकेंद्रे पाळतात काय, हे ह्या कसोटीने कळते. अल्प काळात ती हे गृहीत मोडतात असे दिसले. पण वेळ जाऊ दिला, भोवतालाचा संसर्ग होऊ दिला, की तीच अणुकेंद्रे आपल्या रोजच्या जगासारखी वागू लागली. ह्या स्थित्यंतरास कोणाच्या जाणिवेची गरज लागली नाही. आपल्या लोकांस हा प्रयोग ठाऊक नसावा आणि परदेशातील ऐकीव चमत्कार मात्र तोंडपाठ असावेत, हे थोडे नवलाचेच.

ह्या सर्वांतून जो अर्थ आमच्या मनात ठसला तो आमच्या धंद्यातील शब्दानेच सांगतो. कचेरीत येणारा कागद प्रथम आवक नोंदविणाऱ्याच्या मेजावर जातो. त्यावर शिक्का पडतो, क्रमांक पडतो, वहीत नोंद होते. येथे आम्ही त्या वहीस डायरी म्हणतो. जुना मराठी शब्द बारनिशी. नोंदविणारा मजकूर वाचतोच असे नाही, साहेब तर आठवडाभर पाहत नाहीत. तरीही बारनिशीत चढलेला आणि ज्याच्या प्रती पाच कचेऱ्यांस रवाना झाल्या असा कागद ‘आलाच नव्हता’ असे कोणास म्हणता येत नाही. तसे म्हणावयाचे तर पाचही ठिकाणच्या वह्या, प्रती, शिक्के एकूण एक परत गोळा करून पुसावे लागतील. निसर्गातही असेच चालते असे दिसते. घटनेची खूण हवेत, प्रकाशात, भिंतीत इतक्या ठिकाणी चढते की ती पुसणे शक्य उरत नाही. आणि आपले मन ह्या असंख्य प्रतींपैकी एखादी सावकाश उघडून वाचते. मनाकडे येते ते पत्र भेलशास आलेल्या पत्रासारखे, निकाल लागून गेल्यानंतरचे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. बारनिशीने सारा प्रश्न सुटत नाही. दोन शक्यतांचा मेळ का तुटतो हे सुसंगतिलोपाने कळते. तुटल्यानंतर त्यांपैकी हीच एक का प्रत्ययास येते हे कळत नाही. ह्या जागी शास्त्रज्ञांत आजही तट आहेत. १९५७ साली ह्यू एव्हरेट यांनी सुचविले की एकही शक्यता नाहीशी होत नाही. प्रत्येकीचे जग वेगळे चालू राहते. उलट १९८६ मध्ये गिरार्दी, रिमिनी आणि वेबर ह्या तिघा इटालियनांनी मूळ समीकरणातच सुधारणा सुचविली : अध्यारोपण आपोआप, कोणी पाहो न पाहो, मोडते. अशा मतांची आणि त्यांस लावता येणाऱ्या कसोट्यांची विस्तृत छाननी करणाऱ्यांत मुंबईच्या टाटा संस्थेतील तेजिंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ चा निबंध महत्त्वाचा मानला जातो. मनास पुन्हा पाचारण करणारेही थोडे आहेत. पण वाद चालू आहे ह्याचा अर्थ एका पक्षाने तो जिंकला आहे असा होत नाही.

एव्हरेट यांच्या अनेक जगांची ओळख मराठी वाचकांस करून दिली ती जयंत नारळीकर यांनी. जन्म कोल्हापूरचा असला तरी त्यांचे बालपण गेले वाराणसीस, जेथे त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवीत. म्हणजे आपल्यासारख्याच परमुलखातील मराठी घरात. २०२५ च्या मे महिन्यात ते पुण्यास निवर्तले. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ह्या कथेत एक इतिहासाचा प्राध्यापक अशा जगात जाऊन पोहोचतो की जेथे विश्वासरावांस गोळी लागलीच नाही आणि मराठे पानिपत जिंकले. त्या कथेची ठेवण आम्हांस फार मार्मिक वाटते. गंगाधरपंतांनी ते जग डोळ्यांनी पाहिले, त्यात ते वावरले. परंतु केवळ ‘मी पाहिले’ एवढ्यावर कोणाची खात्री पटण्यासारखी नव्हती. बोलण्यास वजन आले ते त्यांच्या खिशात राहिलेल्या बखरीच्या फाटक्या पानामुळे. अनुभवापेक्षा नोंद बलवत्तर, हा इतिहासकाराचा न्याय एका शास्त्रज्ञाने कल्पित कथेतही मोडला नाही.

राहता राहिला वेदान्त. पुंजसिद्धांताने त्यास दुजोरा दिला असे म्हणणाऱ्यांनी आधी वेदान्तच नीट वाचावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या दर्शनांतील द्रष्टा कसा आहे? सांख्यांचा पुरुष साक्षी, तटस्थ आणि अकर्ता आहे. अद्वैतातील साक्षी दिव्यासारखा. तो प्रकाशित करतो, पण घडामोडीत हात घालीत नाही. त्याचे सारे माहात्म्य त्याच्या अलिप्तपणात आहे. आणि १९६१ च्या विग्नर यांचा द्रष्टा? तो तर जगास धक्का देतो, अनेक शक्यतांतून एकीस निवडतो; म्हणजे पुरता कर्ता! ह्या दोहोंस एक म्हणणे म्हणजे पुरुषाच्या गळ्यात प्रकृतीचे काम बांधणे होय. प्रकाशानंदांच्या ‘वेदान्तसिद्धान्तमुक्तावली’त मांडलेला दृष्टिसृष्टिवाद, पाहणे हेच सृष्टीचे असणे मानणारा, ह्या विचारास अधिक जवळचा दिसतो हे खरे. पण त्या वादात प्रयोगशाळा, उपकरण आणि इलेक्ट्रॉन ही सारी एकाच पंक्तीस बसतात. त्यांपैकी इलेक्ट्रॉन तेवढा निरीक्षणाने बदलतो असे त्याचे म्हणणे नाही. तेव्हा प्रयोगाने त्याचे मंडनही होत नाही आणि खंडनही होत नाही.

ह्या बाबतीत श्रोडिंजर यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. उपनिषदांवर त्यांची खरी श्रद्धा होती. १९२५ साली, आपले समीकरण प्रसिद्ध होण्यापूर्वी, त्यांनी वेदान्ताने भारलेले चिंतन लिहून ठेविले. ते त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, १९६१ मध्ये, जगापुढे आले. सर्व जाणिवा मुळात एकच आहेत हे त्यांस पटलेले होते. तरीही पाहणाऱ्याच्या मनाने इलेक्ट्रॉनचा निकाल लागतो हे त्यांनी मानले नाही. एकाच पुरुषाने वेदान्तही मानावा आणि ही समजूतही नाकारावी, ह्यातच ह्या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत ह्याचा दाखला आहे. आपल्याकडे लोकमान्यांनी गीतारहस्यात सांख्यांच्या शेजारी हेकेल यांसारख्या तत्कालीन पाश्चात्त्यांची मते मांडली. आज हेकेल यांची अनेक मते कालबाह्य झाली. गीतारहस्य मात्र वाचले जाते, कारण त्याचा आधार हेकेल नव्हता. परक्या सिद्धांताच्या खांद्यावर जो उभा राहतो त्यास तो सिद्धांत वाकला की खाली यावे लागते.

हा वाद केवळ पंडिती नाही, म्हणून इतके विस्ताराने लिहिले. ‘मन जग घडविते’ हे एकदा शास्त्राच्या नावाने मान्य झाले की, त्यापाठोपाठ ‘क्वांटम’ नावाचे उपचार, लोलक आणि शिबिरे दारात उभी राहतात. आणि रोग बरा झाला नाही तर तुमचे मनच अशुद्ध होते, असे रोग्यासच ऐकविले जाते. दुखणाईत माणसाच्या माथी हा दोष मारणे क्रूरपणाचे आहे. शिवाय आपल्या घरांतील मुले पुढे विज्ञान शिकतात. वडीलधाऱ्यांनी अभिमानाने सांगितलेले वाक्य प्रयोगशाळेत टिकत नाही असे त्यांस दिसले की, त्या वाक्यासोबत ती उपनिषदेही टाकून देतात. ज्याचे रक्षण करावयास निघालो त्याचीच हानी झाली असे मग होते.

असो. १९३२ मध्ये फॉन नॉयमान यांनी मनापर्यंत रेषा ओढता येते म्हटले, १९३९ मध्ये लंडन आणि बाउअर यांनी, १९६१ मध्ये विग्नर यांनी ती तेथे ओढली. १९७० नंतर ती ओढण्याचे कारण उरले नाही आणि विग्नर यांनीच ती पुसली. अखेरचा प्रश्न अद्याप खुला आहे. एवढी बारनिशी पुढच्या वेळी हा विषय निघाला असता वाचकांच्या हाताशी असली, तर आमचे लिहिणे कारणी लागले असे आम्ही समजू. आत्मा आहे की नाही, साक्षी कोण, हे प्रश्न फार जुने आणि फार मोठे आहेत. ते इलेक्ट्रॉनवर सोपवून मोकळे होता येत नाही. ज्याचे त्यालाच सोडवावे लागतात.